उरलेली फीत

तीस मिनिटं म्हणजे साडेएकोणतीस,
बाकी उद्घोषणा.
हे इनामदारसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं
आणि दाढीचं पातं हातात दिलं.
सांगलीत मी बावीस वर्षं माणसं कापली.

आमच्याकडे त्याला रूपक म्हणत, रेडिओ रूपक.
रूपक वगैरे त्यात काही नसायचं.
हळद हळदच असायची,
हमाल हमाल.

सत्याऐंशी साली हरिपूरला गेले,
खांद्याला सात किलोचं यंत्र.
पेवं बघितली. जमिनीखाली वीस-वीस फूट,
तोंड जेमतेम एक माणूस जाईल एवढं,
आत वर्षानुवर्षं निजलेली हळद.
फरशी सरकवली की लगेच उतरायचं नसतं.
आधी कंदील सोडायचा.

मायाप्पा ऐवळे म्हणाले,
"कंदील इझला तर समजायचं, अजून आपली पाळी न्हाई."
हे मी ठेवलं. चांगलं वाक्य होतं.

त्याआधी मी विचारलं होतं,
आत कधी कुणी राहिलंय का?
यंत्र फिरत होतं.
संगमाकडं कुणीतरी धुणं आपटत होतं.
त्यांनी घसा खाकरला. हं, म्हणाले.
परत, हं.
मग कंदिलाचं वाक्य.

एकेचाळीस सेकंद.
पात्यानं तिरका छेद, वर चिकटपट्टी,
सांधा इतका सफाईदार
की साहेब म्हणाले, काय न अडखळता बोलतो हो गडी!

रात्री आठला लागलं. लोकांची पत्रं आली, चार.
पुढल्या वर्षी ती फीत पुसून
तिच्यावर द्राक्षावरच्या भुरीचं व्याख्यान चढवलं.
फिती महाग होत्या.

कापलेले तुकडे मात्र मी घरी न्यायचे,
एकाला एक जोडून चकतीवर गुंडाळायचे.
कशासाठी, ते नाही सांगता येणार.
आई ब्लाउज शिवायची, चिंध्या टाकायची नाही.

आता विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर.
पुरात खालचे दोन गेले तेव्हा चकती वाचली.
पेवं तर आधीच्याच पुरात बसली होती.

नातवानं फोनवर जगभरची रूपकं लावून दिलीत.
झोप नसते तेव्हा ऐकते:
कुठल्याशा बेटावरचं मतदान, मतदार एकवीस.
तारमास्तरची म्हातारी मुलगी, बर्फातली.
भाषा निम्मीअर्धी कळते.
आणि एकदा ती बाई, कथलाच्या खाणीत भाऊ गेलेली,
बोलता बोलता
थांबली.

कुणीतरी तिला थांबू दिलं होतं.

फोन बंद पडला म्हणून मी काच पुसली.
तिकडचा कोंबडा आरवला.
माझी बोटं उशीखाली पातं चाचपत होती.

संक्रांतीनंतर बेडगहून ऐवळ्यांची लेक आली. कस्तुरा.
म्हणाली, बापाचा फोटो एकच, तोही गेल्यावरचा.
आवाज तुमच्याकडं असंल म्हणून आले.

मिरजेच्या रज्जाक मेस्त्रींनी यंत्र जिवंत करून दिलं.
चकती फिरायला लागली:
कुठल्या सरपंचाचा ठसका,
एका नर्सचं नाक ओढणं,
तंबोऱ्याचा भोपळा तासणाऱ्याचं "थांबा जरा,"
शिंक, पंखा, कप ठेवल्याचा आवाज,
एवढ्या माणसांचं मी एवढंच ठेवलेलं.

हं.
परत, हं.

कस्तुराचा हात कानाच्या कुडीवर गेला.
"जेवायला बसताना बी असंच करायचे," म्हणाली.
मी घाईनं पुढचं सांगितलं,
कंदिलाचं वाक्य, अजून पाठ आहे मला.

"ते काय, समदे हमाल म्हणायचे.
ह्येच लावा परत.
चुलत्याचं इचारलं असंल तुमी."

मी चकती उलटी फिरवली, सोडली.
खाकरणं. हं.
मागं दगडावर धुणं, धप्प, धप्प.

तिनं मान वाकडी करून विचारलं,
"आणि ही कोण धुतीया?"